माझ्या हातचा घास

कोणी विचारलं, दवाखान्यात इतके दिवस काय झालं होतं, तर मी सांगते, पायात खुंट रुतला होता, पाय सुजला. ते खोटं नाही. पण पायाची सूज दहा-बारा दिवसांत उतरली होती. त्यानंतरचे जे दिवस मी तिथं काढले ते हगवणीचे होते. हा शब्द लिहितानाही लाज वाटते. छातीत दुखलं, डोकं दुखलं, हे माणूस चारचौघांत सांगतं. हे असलं दुखणं बाई नवऱ्यालाही धड सांगत नाही.

मी चामोर्शी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वीस वर्षं लेकरांना हात धुवायला शिकवत आले. बोटांच्या बेचक्यात साबण कसा फिरवायचा, नखं तळव्यावर कशी घासायची, सगळं गाणं म्हणत. म्हणून पुढचं लिहायला मला जड जातं. तरी लिहिते, कारण दवाखान्यात भरती झालं की शेजारच्या खाटेवरचं माणूस चार दिवसांत आपलं होऊन जातं. त्या आपलेपणातून काय होऊ शकतं, हे मला वेळेवर कोणी सांगितलं नव्हतं.

बारा खाटांची खोली

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. बांधावरून उतरताना तुरीचा जुना खुंट चपलेतून आरपार तळपायात गेला. हळद भरली, फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला आणि थंडी वाजून ताप आला. चामोर्शीच्या डॉक्टरनी पाय पाहिला आणि म्हणाले, इथं वेळ घालवू नका. माझा नवरा सुधाकर मला घेऊन चंद्रपूरकडच्या एका मोठ्या दवाखान्यात आला.

तिथं पायाला चिरा दिला, घाण काढली, आणि सलाईनमधून दिवसातून तीनदा औषध सुरू झालं. बायकांच्या त्या खोलीत बारा खाटा होत्या. सकाळी सहाला झाडू, सातला चहा, नऊला डॉक्टरांची फेरी, बाराला जेवण. चालता न येणाऱ्यांसाठी चाकं असलेली कमोडची एकच खुर्ची होती. ती या खाटेवरून त्या खाटेवर फिरायची. आयाबाई तिच्यावर मगभर पाणी ओतून पुढं न्यायच्या. त्यांनाही किती हात असणार!

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी जेलची बाटली अडकवलेली होती. हात धुवायचं बेसिन पार दुसऱ्या टोकाला, आणि त्याच्या नळाला करंगळीएवढी धार. मला वॉकर धरून तिथपर्यंत जाणं म्हणजे एक प्रवासच होता. मी जेल चोळायची. थंडगार लागायचं, वास चांगला यायचा, वाटायचं झाले हात स्वच्छ.

गिरजामावशी

माझ्या डाव्या हाताच्या खाटेवर गिरजाबाई होत्या. नागभीडजवळच्या एका खेड्यातल्या. वय सत्तरीच्या पुढं. अंगणात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्यावर ऑपरेशन झालं होतं. सोबत त्यांची एकुलती एक मुलगी मंगला होती. तिचं सासर त्याच बाजूच्या गावात.

पहिल्याच दिवशी गिरजाबाईंनी माझ्याकडे मान वळवून विचारलं, "कोणत्या गावची वं तू?"

मी सांगितलं.

"आडनाव का तुमचं?"

"रामटेके."

त्यांनी 'हां' म्हटलं आणि मान परत छताकडे केली. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण आडनावावरून जात ओळखली जाण्याची सवय असते. त्या दिवशी मी त्यांच्यापुढं संत्र्याच्या फोडी धरल्या, तर म्हणाल्या, "आता नोको. तोंड कडू आहे." जरा वेळानं मंगलानं सोललेलं संत्रं त्यांनी खाल्लं.

चार-पाच दिवसांनी आभाळ भरून आलं. मंगलाला घरून सारखे फोन येत होते. संध्याकाळच्या चहाच्या वेळी ती माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली.

"बाई, मले दोन दिवस जा लागते. धान कापून बांधीत पडलं आहे. पाणी आला तर सगळं सडून जाईन. मायले कोणी पाहीन का?"

"जाय तू," मी म्हटलं. "मी आहो ना."

ती गेली. गिरजाबाईंना स्वतःच्या हातानं जेवता येत नव्हतं, पडल्यापासून उजवा हात थरथरायचा. दुपारी आयाबाईंनी ताट ठेवलं आणि त्या पुढं गेल्या. मी वॉकर सरकवत त्यांच्या खाटेवर जाऊन बसले. वरणात भात कालवला आणि घास पुढं केला. त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मीही हात मागं घेतला नाही. मग त्यांनी तोंड उघडलं.

चौथ्या-पाचव्या घासाला म्हणाल्या, "मीठ कमी आहे वं."

"दवाखान्याचं आहे मावशी, तसंच राह्यते."

त्या हसल्या. पुढच्या जेवणाला त्या स्वतःच म्हणाल्या, "ये वं वनिता, भूक लागली." मी त्यांचे केस विंचरले, पायाला तेल लावलं. त्या मला त्यांच्या तरुणपणीच्या गोष्टी सांगायच्या. मोहफुलं वेचायला जंगलात गेल्या असताना अस्वल समोर आलं आणि त्यांच्या नणंदेनं टोपली त्याच्याच अंगावर फेकली, ही गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली. तिन्ही वेळा मी हसले.

एवढ्यात माझं पोट बिघडलं होतं.

चार दिवस

आधी वाटलं, दवाखान्याचं जेवण मानवलं नाही. पण जुलाब साधे नव्हते. पाण्यासारखे, आणि त्याला एक वेगळाच वास, अंगाला चिकटून राहणारा. पोटात पीळ पडायचा. दिवसाला सहा वेळा, आठ वेळा, मग मोजणं सोडलं. मी ओढणी नाकावर धरून भिंत धरत संडासात जायची. पाय दुखायचा, नळाला धार नसायची, तशीच परत येऊन जेल चोळायची. एकदा पोचता आलं नाही. सुधाकर माझा गाऊन खाली नेऊन धुऊन आला. वर येताना त्याचे डोळे लाल होते.

नर्सला सांगायला मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी दिवसातून दोन वेळा गिरजामावशीला जेवण भरवत होते.

सांगितलं ते लता सिस्टरांना. त्यांनी मला रागावलं नाही. फक्त विचारलं, "किती दिवसांपासून?" मी सांगितलं तशा त्या लगेच वही घेऊन खाटेखाटेवर गेल्या. दाराजवळच्या खाटेवरची बाई, जी दोन दिवसांपूर्वी घरी गेली होती, तिलाही जाण्याआधी होत होतं, असं तिच्या शेजारणीनं सांगितलं. खिडकीजवळच्या दोघींनाही. आणि त्याच सकाळी गिरजामावशीची चादर बदलली होती, तेव्हा त्या आयाबाईंना म्हणत होत्या, "माफ करजो माय, समजलंच नाई."

तपासणीचा कागद

नमुना बाहेर तपासायला पाठवला. दोन दिवसांनी डॉक्टर मॅडम कागद घेऊन आल्या. तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. खुर्ची ओढून बसल्या.

"ताई, पायासाठी जी जोरदार औषधं दिली, त्यांनी पोटातले चांगले जंतूही मेले. एक जंतू दवाखान्यातच वावरत असतो. त्याला मग मोकळं रान मिळतं. पायाचं औषध आता बंद करू, पोटासाठी दुसरं सुरू करू. बहुतेक लोक बरे होतात."

मी विचारलं, "हे दुसऱ्याला लागते का?"

"लागतं. हातांवरून, कमोडच्या खुर्चीवरून, चादरींवरून. तुम्ही हात कशानं धुता?"

मी बाटलीकडे बोट केलं.

"त्या जेलनं हा जंतू मरत नाही, ताई. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. हे आम्हीच आधी सांगायला पाहिजे होतं."

भीती म्हणजे काय ते मला त्या क्षणाला कळलं, आणि ती माझ्या जिवाची नव्हती. मी डावीकडे पाहिलं. गिरजामावशी डोळे मिटून पडल्या होत्या, ओठ कोरडे, गाल आत गेलेले.

"जे बरे होत नाहीत," मी विचारलं, "ते कोण?"

"म्हातारी माणसं," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन झालेली."

वेगळी खोली

त्याच दुपारी आम्हाला वेगळं केलं. व्हरांड्याच्या टोकाला दोन खोल्या होत्या. एका खोलीत खिडकीजवळच्या दोघी, दुसरीत मी आणि गिरजामावशी. दारावर लाल अक्षरात कागद लागला. आत येणारे हातमोजे आणि गाऊन घालून यायचे. जेवणाचं ताट दारात ठेवायचे. फरशी तीन वेळा जंतुनाशकाच्या पाण्यानं पुसायचे, त्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं.

खोलीत बेसिन नव्हतंच. दुसऱ्या सकाळी लता सिस्टर घरून तोटीचा प्लास्टिकचा डबा घेऊन आल्या, पाण्यानं भरून स्टुलावर ठेवला आणि साबणाला भोक पाडून सुतळीनं तोटीला बांधला. "आता घसरून पडणार नाही," म्हणाल्या. त्यांच्यावर कोणी ते काम सोपवलं नव्हतं. आजही त्या दिवसांतलं चांगलं काही आठवायचं म्हटलं की मला तो डबा आठवतो. आणि दुसरं म्हणजे, सिस्टर मावशीचं अंग पुसताना पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायच्या, कोमट आहे की नाही.

मला वाटलं होतं, आता मावशीला हात लावायचा नाही. सिस्टर म्हणाल्या, "तुम्हा दोघींना एकच आजार आहे. हात धुवा आणि पाजा पाणी. आम्ही सारखं आत नाही येऊ शकत." मग मी साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजत बसायची. त्या दोन चमचे घ्यायच्या, तिसरा ओघळायचा.

"इथी आपन दोघीच काऊन?" त्यांनी विचारलं.

मी तेव्हाच सांगितलं. "मावशी, मले आधीपासून होत होतं. मी तसंच तुमाले भरवलं. माझ्याच हातानं आलं असन हे तुमच्यापर्यंत."

त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही.

"मंगला आली का?" त्या म्हणाल्या.

फोन

मावशीकडे फोन नव्हता. मंगला रोज माझ्या फोनवर विचारायची. पाऊस खरंच आला होता, दोन दिवसांचा आठवडा झाला होता. आम्हाला वेगळं केलं त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"माय कशी आहे बाई?"

"पोट बिघडलं आहे थोडं. औषध सुरू आहे."

"मी येऊ का? धान अर्धं उचललं, अर्धं राह्यलं."

मी म्हटलं, "घाबरू नोको. धान उचलून ये."

मी असं का म्हटलं? तिला धीर द्यायला, असं मी खूप दिवस स्वतःला सांगत होते. खरं हे की ती आली तर मला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. मला आणखी एक दिवस पाहिजे होता. मावशी जरा सुधरतील, मग सांगू, असं वाटत होतं.

मावशी सुधरल्या नाहीत. पोट फुगलं, लघवी कमी झाली, बोलणं असंबद्ध झालं. त्या नणंदेला हाका मारायला लागल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी स्ट्रेचर आलं आणि त्यांना अतिदक्षता विभागात नेलं. जाताना त्यांचा हात स्ट्रेचरच्या कडेवरून खाली लोंबत होता. मी तो उचलून त्यांच्या पोटावर ठेवला. लगेच दोन माणसं आली आणि त्यांची गादी, उशी, सगळं घेऊन गेली, खाट पांढऱ्या पाण्यानं धुतली. मी माझ्या खाटेवर बसून त्या ओल्या लोखंडाकडे बघत राहिले.

दवाखान्यातून फोन गेल्यावर मंगला संध्याकाळी पोचली. आई बेशुद्ध होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजामावशी गेल्या.

निघण्याआधी मंगला माझ्या खोलीच्या दाराशी आली. आत यायला परवानगी नव्हती. दाराला छोटी काच होती, तिच्यातून तिनं मला हात जोडले. मोठ्यानं म्हणाली, "बाई, तुम्ही मायचं लय केलं."

मी आतून हात जोडले.

घर

मी आणखी आठ दिवस तिथं होते. घरी आल्यावर दोन आठवड्यांनी जुलाब परत सुरू झाले आणि पुन्हा औषधं घ्यावी लागली. हा आजार असा उलटतो, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं आणि घाबरून जाऊ नये. दुसऱ्यांदा तो गेला तो गेला.

घरी मात्र सगळं सरळ नव्हतं. जाऊबाईंनी माझी ताट-वाटी वेगळी काढली. गावातल्या दोन-तीन आयांनी लेकरांना अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. "बाईले दवाखान्यातला रोग लागला," असं बोललं जायचं. मी त्यांना दोष देत नाही. मी पोरांना जे शिकवलं होतं तेच मी केलं नव्हतं.

एकदा मी रडत होते तेव्हा सुधाकर चिडला. "तुले काऊन पडली होती लोकाच्या बुढीची? तुलेच उठता येत नव्हतं!" माझे घाण झालेले कपडे त्यानं किती वेळा धुतले, एका शब्दानं बोलला नव्हता. आणि नेमकं हे बोलला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. नंतर त्यानंच विचारलं, "जाऊन येतेस का तिच्या पोरीकडे? त्याशिवाय तुले झोप नाई लागायची."

नागभीड

मी एकटीच गेले. गडचिरोलीहून वडशापर्यंत बस, तिथून नागभीडची गाडी. वडशात जिकडे तिकडे झाडीपट्टीच्या नाटकांचे बॅनर, लोक तिकिटं काढत होते. मी स्टेशनवर बसून मनात वाक्यं जुळवत होते.

मंगलाच्या अंगणात धानाची पोती रचलेली होती. मला पाहून ती धावत आली, हात धरून आत नेलं, पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधीच सांगितलं. आजार मला आधी झाला होता. मी चार दिवस लपवला. हात नुसते जेलनं पुसून तुझ्या आईला भरवलं. आणि फोनवर तुला येऊ नको म्हटलं ते भीतीनं.

पहिल्या भागावर ती फारसं बोलली नाही. "ते तं कोणाच्या हातानं आलं, कोण सांगू शकते? खुर्चीवरून बी आलं असन." मग म्हणाली, "माय कोणाच्या घरचं पाणी बी पेत नव्हती. तुमच्या हातचं जेवली." ती हे कौतुकानं म्हणाली की दुःखानं, मला समजलं नाही.

आणि एकदम तिचा आवाज फुटला. "पण तुम्ही म्हटलं, धान उचलून ये! मी विचारलं होतं तुमाले. मी येऊ का म्हणून विचारलं होतं ना बाई?"

"विचारलं होतंस."

"मंग? ती माह्यासंग एक शब्द बोलली असती."

ती उठून मागच्या दारी गेली. मी तिथंच बसून राहिले. कितीतरी वेळानं ती आली, तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "जेवून जा." मी जेवले. एकमेकींकडे न बघता आम्ही जेवलो. बस थांब्यापर्यंत ती आली. गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "आता मले फोन नोका करत जाऊ. मले वाटलं तर मी करीन."

तिचा फोन आला नाही. उन्हाळा गेला, धानाची रोवणी झाली. मी वाट पाहणं सोडलं असं म्हणता येणार नाही, पण फोन वाजला की दचकणं थांबलं होतं.

परवा दुपारी अंगणवाडीत खिचडी वाढत असताना तो आला. कसं आहे, काय आहे, काही नाही. ती सरळ म्हणाली, "बाई, सासूचं पोटाचं ऑपरेशन आहे उद्या. मोठ्या दवाखान्यात भरती करून राह्यलो. तिथी काय काय पाहायचं ते सांगा मले."

मी ताटं मदतनीसबाईंकडे दिली आणि बाहेर येऊन उभी राहिले. सांगू लागले. जेलवर विसंबू नको, साबण स्वतःचा ने. संडासातून आल्यावर आणि भरवायच्या आधी वाहत्या पाण्यानं हात धू. कमोडची खुर्ची धुतल्याशिवाय वापरू देऊ नको. पातळ जुलाब तीन वेळा झाले की त्याच दिवशी सिस्टरला सांग, लाज धरू नको. दुसऱ्या पेशंटला भरवू नको, सिस्टरला बोलव. आणि कोणी कितीही म्हणो, सासूला सोडून घरी जाऊ नको.

शेवटचं बोलून मी अंगणवाडीच्या पायरीवर बसले.

पलीकडून कागदाचा आवाज आला.

"हळू सांगा बाई," मंगला म्हणाली. "मी लिहून राह्यली."